वही परत करते आहे, काका

नाशिक, ८ डिसेंबर २०२४

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही आमच्याच इमारतीत, दोन जिने वर राहता. आमची दिवाळीची सहल आखून दिलीत, त्याचे आभार मानायला परवा वर आलेही होते. पण तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणत चहा टाकायला आत गेलात आणि विषय तिथेच राहिला. म्हणून लिहायला बसले. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण सोळा आणि तेरा वर्षांच्या मुलांना घेऊन सहलीला कुठे जावं, हे गेल्या महिन्याभरात मला कितीतरी आयांनी विचारलंय. प्रत्येकीला मी जे सांगितलं ते मुळात तुमचं आहे.

जूनमधली ती संध्याकाळ आठवते ना? एका सहल कंपनीचा कागद घेऊन आम्ही दोघं तुमच्याकडे आलो होतो. दहा दिवसांत आठ ठिकाणं, रोज सकाळी सहाला बसमध्ये. घरात त्यावरून आठवडाभर धुसफूस चालली होती. मुलगा म्हणत होता, ‘मला आजीकडे ठेवा, तुम्ही जा.’ मुलगी काहीच बोलत नव्हती, आणि ते मला जास्त लागत होतं. तुम्ही कागद वाचलात, घडी घालून परत दिलात आणि म्हणालात, ‘मुलांना पाठवा माझ्याकडे. तुम्ही नका येऊ.’

त्या दीड तासात तुम्ही त्यांना ‘कुठे जायचंय’ हे विचारलंच नाही, हे मला नंतर मुलीकडून कळलं. सुट्टीच्या दिवशी कितीला उठता, उठल्यावर पहिलं काय करता, गाडी लागते का, चालायला आवडतं का, आईबाबांचं कुठल्या गोष्टीवरून वाजतं, असं सगळं विचारलंत. मुलगा उठल्या उठल्या फुटबॉलचे निकाल बघतो. मुलगी प्राण्यांची चित्रं काढते. तिने चित्रांची वही आम्हाला कधी दाखवली नव्हती, तुम्हाला दाखवली. चार दिवसांनी तुम्ही खाली आलात ते कोलकाता, दार्जिलिंग आणि गोरुमारा हे तीन शब्द आणि तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन.

‘आधी शहर, मग डोंगर, शेवटी जंगल. आवाज कमी कमी होत गेला पाहिजे,’ असं म्हणाला होतात. तेव्हा मी नुसती मान हलवली होती. या वयाच्या मुलांना एकदम शांततेत नेऊन सोडलं की ती कंटाळतात आणि मोबाइलमध्ये शिरतात. पहिले तीन दिवस शहराने दमवलं की डोंगर त्यांना आपोआप हवासा वाटतो. आम्ही उलटं करणार होतो.

दिवाळीची सुट्टीही तुम्हीच ठरवलीत. मे महिन्यात कांचनजंगा बहुतेक धुरकटात किंवा ढगांत असतो, पावसाळ्यात दरडी कोसळतात, गोरुमाराचं जंगल जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बंदच असतं, आणि दुर्गापूजेच्या सुट्टीत निम्मा बंगाल दार्जिलिंगला असतो. दिवाळीनंतरचे दिवस तेवढे मोकळे. आमचं आरक्षण १२० दिवस आधी उघडलं होतं, त्या सकाळी आठच्या ठोक्याला तुम्ही आमच्या सोफ्यावर बसला होतात. (वाचणाऱ्यांसाठी: १ नोव्हेंबर २०२४पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे, तुमचं गणित त्याप्रमाणे करा.)

विमानाने गेलो असतो तर वेळ वाचला असता. पण जाताना गीतांजलीनेच जा, असा तुमचा हट्ट होता. त्यामागची गोष्ट तुम्ही जिन्यात उभं राहून मुलाला सांगितलीत: १९७७च्या डिसेंबरात मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना ही गाडी सुरू झाली ती वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या त्याही त्यांच्याच काळात. हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. गाडीत बसल्यावर मुलाने तेच बहिणीला सांगितलं, गादीवर हात ठेवून.

निघालो ती ३ नोव्हेंबरची भाऊबीज. गाडीत निरांजन लावायचं नाही, म्हणून तुम्ही सुपारी आणि अंगठी आठवणीने न्यायला सांगितली होती. भुसावळ गेल्यावर मुलीने भावाला सुपारी-अंगठीनेच ओवाळलं. समोरच्या बर्थवरच्या बंगाली आजी बघत होत्या. त्यांनी तिला जवळ बोलावून त्यांच्याकडचा भाईफोटा दाखवला: डाव्या हाताच्या करंगळीने भावाच्या कपाळावर टिळा. तिने लगेच तसाही लावला. मुलगा कपाळ पुढे करून बसला होता, आणि हाच मुलगा जूनमध्ये आजीकडे राहणार होता. दुसऱ्या दिवशी पहाटे चक्रधरपूरच्या अलीकडे सालवृक्षांचं जंगल लागतं, असं तुमच्या वहीत होतं. मुलगी तेवढ्यासाठी उठून बसली. तिच्या वहीत ते जंगल आहे, धुक्यासकट.

हावड्याला उतरलो तो सोमवार. संग्रहालयं बंद असतात, हे तुम्ही लाल पेनाने लिहिलं होतं. त्यामुळे त्या दिवशी फक्त मेट्रो. २०२४च्या मार्चमध्ये सुरू झालेला हा मार्ग हावड्याहून एस्प्लनेडला हुगळी नदीच्या पोटातून जातो. नदीखालचा टप्पा पाऊण मिनिटात संपतो. मुलं तेवढ्यासाठी दोनदा गेली. मंगळवारी सकाळी १८१४ साली स्थापन झालेलं भारतीय संग्रहालय आणि तिथली ममी पाहिली. दुपारनंतर मैदान.

मैदानाबद्दल तुम्ही मुलाच्या कानात काहीतरी सांगून ठेवलं होतं. मोहन बागान या फुटबॉल क्लबच्या मैदानापाशी पोचल्यावर त्याने आम्हाला थांबवलं आणि १९११ची गोष्ट सांगायला सुरुवात केली. २९ जुलै, आयएफए शील्डचा अंतिम सामना, समोर बूट घातलेली ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट आणि इकडे मोहन बागानचे जवळजवळ सगळे अनवाणी खेळाडू, आणि तेच २-१ जिंकले. तो इतका वेळ सलग बोलताना मी गेल्या दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. नंतर तिथे खेळणाऱ्या पोरांनी त्याला खेळायला घेतलं. भाषा येत नव्हती, तिची गरजही पडली नाही. आम्ही दोघं गवतावर बसून अंधार पडेपर्यंत बघत राहिलो.

आणि बुधवार. काका, खरं पत्र बुधवारसाठी आहे.

तुमच्या वहीत त्या पानावर एकच ओळ होती: ‘हा दिवस मुलाच्या ताब्यात. दोन हजार रुपये त्याच्या हाती. आईबाबांनी मागून चालायचं, तोंड उघडायचं नाही.’ मला हे अवघड जाणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. सकाळी साडेनऊला निघालो आणि पहिल्याच मेट्रोत तो उलट्या दिशेला बसला. मला लगेच कळलं. यांनी माझा हात दाबला. पार्क स्ट्रीट आल्यावर त्याच्या लक्षात आलं, कानशिलं लाल झाली. त्याने आमच्याकडे पाहिलं; आम्ही काहीच बोललो नाही. ‘उतरा, पलीकडून परत जायचंय,’ एवढंच म्हणाला. तिथून पुढे त्याची चाल बदलली. गर्दीत मागे वळून आम्हाला मोजायला लागला, मी त्यांना लहानपणी मोजायचे तसं.

शोभाबाजारला उतरून त्याने आम्हाला मूर्तिकारांच्या वस्तीत, कुमारटुलीत नेलं. तो थांबा बहिणीसाठी होता. जगद्धात्री पूजा जवळ आलेली, गल्लीच्या दोन्ही बाजूंना मूर्तींचं काम चाललेलं: बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीने बांधलेला पेंढा, मग माती. मुलगी एका कार्यशाळेच्या पायरीवर बसली आणि दीड तास उठली नाही. तो तिची बाटली धरून शेजारी उभा राहिला. घाई केली नाही. मग घाटावरून नावेने हावडा पुलाखालून गेलो, ते बाबांसाठी. १९४३ साली खुला झालेला हा पूल नटबोल्टांशिवाय, रिव्हेटवर उभा आहे, हे त्याने बाबांना सांगितलं. बाबांना माहीत होतं, पण त्यांनी ऐकून घेतलं.

संध्याकाळी आम्ही प्रिन्सेप घाटावर पोचलो. मी विचारलं, ‘इथे काय आहे?’ त्याने खिशातून कागद काढून दाखवला. त्यावर लिहिलं होतं, ‘आई – प्रिन्सेप घाट – नुसतं बसायचं.’ काका, मी त्या बाकावर बसले आणि मला बराच वेळ बोलता आलं नाही. नदीपलीकडे दिवे लागत होते. दोघं मुलं शेंगदाणे खात भांडत होती.

तो कागद त्याने स्वतः लिहिला होता, तुम्ही सांगितलेला नव्हता, हे तुम्हीच मला परवा सांगितलंत. म्हणून हे पत्र.

दार्जिलिंगचं थोडक्यात लिहिते, कारण तिथे तुमची वही शब्दशः पाळली. रात्रीच्या दार्जिलिंग मेलने न्यू जलपायगुडीला गुरुवारी उतरलो. गुरुवारी दार्जिलिंगचं प्राणिसंग्रहालय बंद असतं, म्हणूनच तो दिवस तुम्ही प्रवासात घातला होता. मुलीला घाटात गाडी लागलीच. आलेपाक आणि कर्सियांगचा तासाभराचा थांबा यांनी निभावलं. टायगर हिलवरच्या सूर्योदयासाठी पहाटे साडेतीनला मुलांना उठवू नका, हा तुमचा सल्ला मी इथे मोठ्या अक्षरात लिहीन म्हणते. या वयात झोप उशिरा येते आणि उशिरा संपते, तो आळस नसतो. दोन सकाळी ढग होते. तिसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर चौरस्त्यामागच्या वाटेने महाकाल टेकडीला फेरी मारत होतो, आणि एका वळणावर कांचनजंगा समोर होता, संपूर्ण. ८,५८६ मीटर. १९५५ साली पहिले चढणारे शिखराच्या काही फूट खालीच थांबले, तिथल्या लोकांची श्रद्धा जपायला. हे मी सांगितल्यावर मुलाने विचारलं, ‘म्हणजे वर कोणी बघत नसतानाही?’ आणि गप्प झाला.

प्राणिसंग्रहालयातला लाल पांडा मुलीच्या वहीत सात वेळा आहे. त्याच आवारातली गिर्यारोहण संस्था आणि तेनझिंग नोर्गे यांची समाधीही पाहिली. ४ नोव्हेंबरला संस्थेला ७० वर्षं पूर्ण झाली होती. घूमपर्यंत छोट्या गाडीने गेलो. रुळांमधलं अंतर आपल्या माथेरानच्या गाडीइतकंच, दोन फूट, हे मुलांनी स्वतः ओळखलं. बतासिया लूपवर मुलगा म्हणाला, ‘काका इथे असायला हवे होते.’

मग तिस्ता नदीच्या कडेने उतरून गोरुमारा. जेमतेम ८० चौरस किलोमीटरचं जंगल. जात्राप्रसाद नावाच्या एका पाळीव हत्तीच्या नावाचा तिथे मनोरा आहे. खाली प्राणी मीठ चाटायला येतात त्या जागी एक गेंडा आला, पिल्लू घेऊन. वर आम्ही वीसएक माणसं होतो, कोणी बोलत नव्हतं. पाऊण तास. मोबाइल दोघांच्याही खिशात होते आणि खिशातच राहिले. आवाज कमी होत गेला पाहिजे, म्हणजे काय, ते मला त्या मनोऱ्यावर समजलं.

काका, तुमच्या वहीत शेवटी तुमच्या मुलांबरोबरच्या दार्जिलिंगच्या सहलीची दोन पानं आहेत. तुम्ही ती फाडली नाहीत, झाकलीही नाहीत. पाच दिवसांत बारा ठिकाणं दाखवली, थोरला परतीच्या गाडीत बोलला नाही, असं तुमच्याच अक्षरात आहे. ते तुम्ही आम्हाला वाचू दिलंत, याचं मोल मला कळतं. आमची सहल चांगली झाली त्यात त्या दोन पानांचा वाटा मोठा आहे, आणि काकू असत्या तर त्यांनाही हे मी सांगितलं असतं.

वही सोबत पाठवते आहे. पुठ्ठा सुटला होता, यांनी शिवून घेतला. शेवटच्या कोऱ्या पानांवर मुलांनी भर घातली आहे, तुम्हाला न विचारता: मुलाने मेट्रोच्या दिशांचा नकाशा काढलाय, पार्क स्ट्रीटला लाल गोल करून. मुलीने पहाटेचं सालाचं जंगल दिलंय. रविवारी दोघं वर येणार आहेत. पुढच्या दिवाळीचं काहीतरी त्यांच्या डोक्यात आहे, आणि ते आधी तुमच्याशी बोलणार आहेत. आम्हाला खालीच थांबायला सांगितलंय.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची

ता. क. तिखटमिठाच्या पुऱ्या रायपूरपर्यंतही पुरल्या नाहीत. पुढच्या वेळी वहीतला आकडा दुप्पट लिहा.