धुराआधीची छाननी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पोपची निवडणूक आली की मराठी वृत्तपत्रांत सिस्टिन चॅपेलच्या धुराड्यातून निघणाऱ्या काळ्या-पांढऱ्या धुराचे रसभरीत वर्णन येते. धूर हा निवड झाली की नाही, याचा बाहेर ताटकळणाऱ्यांसाठी धाडलेला निरोप असतो. प्रत्यक्ष निवड ज्या विधीने होते, त्या ‘स्क्रुटिनियम’विषयी, म्हणजे मतांच्या छाननीविषयी, मात्र क्वचितच चार ओळी वाचायला मिळतात. वसईतील एक मराठीभाषक ख्रिस्ती वाचक म्हणून मला ही उणीव फार जाणवते.

१२१५ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मपदांवरील निवडीसाठी तीन मार्ग मान्य केले होते. प्रत्येकाचे मत घेऊन त्याची छाननी करणे हा पहिला, मोजक्या विश्वासू व्यक्तींवर निर्णय सोपवणे हा दुसरा, आणि पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने सर्वांनी एकमुखाने नाव उच्चारणे हा तिसरा. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये पोपच्या निवडीपुरते शेवटचे दोन मार्ग बंद केले. निर्णय दुसऱ्यांवर सोपवला की मतदाराची स्वतःची जबाबदारी उणावते, हे त्यामागचे एक कारण होते आणि मला ते पूर्णपणे पटते.

या विधीत मत देण्याइतकेच महत्त्व ते तपासण्याला आहे. तीन मतमोजक आणि त्यांचे काम तपासणारे तीन पडताळक हे कार्डिनलांमधूनच, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांमधूनच, चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. प्रत्येक कार्डिनल शक्य तितके अक्षर बदलून नाव लिहितो, घडी घातलेली मतपत्रिका सर्वांना दिसेल अशी उंच धरून वेदीपाशी जातो आणि आपला न्याय करणाऱ्या प्रभू ख्रिस्ताला साक्षी ठेवून शपथ घेतो. नावे वाचण्याआधी मतपत्रिकांची संख्या मोजतात. ती मतदारांच्या संख्येशी जुळली नाही, तर एकही घडी न उघडता सर्व जाळून पुन्हा मतदान होते. तिसरा मतमोजक प्रत्येक नाव मोठ्याने वाचतो आणि ‘एलिगो’, म्हणजे ‘मी निवडतो’, या शब्दावर सुई टोचून ती मतपत्रिका दोऱ्यात ओवतो. निवड झालेली असो वा नसो, पडताळक मोजणी पुन्हा तपासतातच. पूर्वी कोणाला नेमकी दोनतृतीयांश मते मिळाली, तर त्याने स्वतःलाच मत दिले नाही ना, हे पाहण्यासाठी त्याची मतपत्रिका वेगळी काढून तपासत. पोप बारावे पायस यांनी १९४५ मध्ये दोनतृतीयांशावर एका मताची भर घालून ती गरज संपवली, कारण स्वतःचे मत वगळले तरी दोनतृतीयांश उरत. आजचा नियम पुन्हा दोनतृतीयांशाचा आहे.

८ मे २०२५ रोजी चौथ्या फेरीत पोप चौदावे लिओ निवडले गेले, तेव्हा १३३ मतदार होते आणि ८९ मते आवश्यक होती. त्या मतदारांत गोव्याचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव होते. मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली असल्याने त्यांना मतदान करता आले नाही. आपल्या वाचकांना विषय जवळचा वाटावा, असे हे दुवे आहेत.

हेच नाव चर्चमध्ये आणखी एका विधीला आहे आणि तो पोपच्या निवडणुकीइतका दूरचा नाही. ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रौढ दीक्षार्थींसाठी ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी स्क्रुटिनियम होतात. त्या रविवारी अनुक्रमे शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजरस यांच्याविषयीचे बायबलच्या शुभवर्तमानातील उतारे वाचले जातात, आणि दीक्षार्थीच्या अंतःकरणात जे दुर्बळ आहे ते उघड होऊन बरे व्हावे, जे चांगले आहे ते बळकट व्हावे, अशी प्रार्थना केली जाते. सातव्या शतकातील रोममध्ये अशा सात परीक्षा होत. येथे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल नसतो, आणि परीक्षा दीक्षार्थीची असली तरी प्रार्थना सारी मंडळी करते.

यापुढे अशा निवडणुकीचे वृत्त देताना धुराच्या छायाचित्रालगत मतदान व पडताळणीची ही रीत सांगणारी एक चौकट छापावी, आणि उपवासकाळात दीक्षार्थींच्या या विधीवर एखादा स्वतंत्र लेख द्यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, वसई