‘इथे थांबलेले चालेल का?’ : एक आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

लिनक्स कर्नलसाठी मी लिहिलेला पहिला ब्लॉक ड्रायव्हर (डिस्कसारखी साधने चालवणारा कोड) आपण ओळ न् ओळ तपासलात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपण तेव्हा समजावलेली गोष्ट ड्रायव्हर लिहू लागलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे.

स्पिनलॉक, म्हणजे हाती असताना कोडला झोपण्याची मनाई असलेले कुलूप, घेतलेले असताना मी मेमरी मागणाऱ्या केमॅलॉक या फंक्शनला जीएफपी_कर्नल हा फ्लॅग दिला होता, आणि ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ हा इशारा लॉगमध्ये दिसताच सगळीकडे जीएफपी_ॲटॉमिक घातला. इशारा थांबला, म्हणून चूक सुटली असे मी समजलो. आपण मात्र प्रत्येक मागणीवर बोट ठेवून विचारलेत, “इथे थांबलेले चालेल का?” जीएफपी_कर्नल दिला, की मेमरी कमी असताना कर्नल आधी पेज मोकळी करू पाहतो आणि तोवर आपल्या कोडला झोपवू शकतो, जीएफपी_ॲटॉमिक झोपवत नाही, पण गरज पडल्यास राखीव साठ्याला हात घालतो, आणि तो साठा खरोखर अडलेल्यांसाठी असतो. माझ्या प्रोब फंक्शनमध्ये (साधन सापडल्यावर ते सुरू करणाऱ्या कोडमध्ये) ना लॉक होता ना इंटरप्ट (हार्डवेअरने मध्येच दिलेली हाक), तरी तिथेही मी त्या साठ्यावर हक्क सांगत होतो. स्पिनलॉकखालच्या मागणीसाठी तर आपण फ्लॅगही बदलू दिला नाहीत. बफर लॉक घेण्याआधीच मागून ठेवायला सांगितलात.

सर्वांत मोठे ऋण पुढचे आहे. रिक्वेस्ट हाताळणारे काम वर्कक्यूमध्ये (मागाहून करायच्या कामांच्या रांगेत) चालते, तिथे झोपण्याची मुभा असते, म्हणून मी निःशंकपणे जीएफपी_कर्नल लिहिला होता. मेमरी मोकळी करण्यासाठी कर्नल पेज स्वॅपमध्ये (मेमरीतला मजकूर हलवून ठेवण्याच्या डिस्कवरील जागेत) लिहायला निघेल, स्वॅप याच डिस्कवर असेल तर ते लेखन याच ड्रायव्हरकडे येईल, आणि ड्रायव्हर मात्र त्याच मेमरीची वाट पाहत बसलेला असेल, हे चक्र आपण कागदावर काढून दाखवलेत. मेमरी मोकळी करताना डिस्कवर लेखन सुरू करू न देणारा जीएफपी_नोआयओ हा फ्लॅग का असतो, हे मला त्या कागदाने कळले. तरीही मागणी नाकारली जाऊ शकते, म्हणून काम अडू नये यासाठी मेमपूल (आधीच बाजूला काढलेला मेमरीचा साठा) ठेवण्याचा आपला आग्रहही मी पाळला आहे.

आता ड्रायव्हरमध्ये जीएफपी_ॲटॉमिक एकाच ठिकाणी उरला आहे, इंटरप्ट हँडलरमध्ये. आणि त्याच्या लगेच खालच्या ओळीवर नल (मेमरी न मिळाल्याची खूण) तपासलेला आहे.

आपला कृतज्ञ,
एक कनिष्ठ सहकारी