आकडा नको साहेब, आमच्या माणसांची नावं द्या

मा. माजी सैनिक कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

साहेब, मी चिपळूणचा. मूळ गाव तालुक्यातच, डोंगराच्या अंगाला, निम्मी घरं आता मुंबईत आणि उरलेली गणपतीला उघडणारी. गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक पांढऱ्या दगडाची पाटी बसवलेली आहे. लहानपणी आम्ही तिलाच स्टंप धरून क्रिकेट खेळायचो, कधी कोणी ओरडलं नाही कारण ती कसली पाटी आहे ते ओरडणाऱ्यालाही माहीत नव्हतं. काही वर्षांपूर्वी चावडी रंगवायला काढली तेव्हा मी म्हटलं थांबा जरा, आधी बघूया तरी. नारळाचा काथ्या आणि पाणी घेऊन बसलो, अक्षरांत चुन्याचे थरावर थर, खिळ्याने एकेक अक्षर मोकळं करता करता अख्खी दुपार गेली. इंग्रजीत कोरलंय की या गावातून ६१ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यातल्या ९ जणांनी प्राण दिले. संपलं. नाव एकाचंही नाही.

अशा पाट्या फक्त आमच्याकडे नाहीत, रत्नागिरी-साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत आहेत, कुठे शाळेच्या भिंतीत, कुठे देवळाबाहेर, आणि काही ठिकाणी बांधकामात निघून कुठे गेल्या ते देवालाच ठाऊक. अपशिंगे मिलिटरी हे गाव सगळ्यांना माहीत आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. पण अपशिंग्यासारखी कोणी आठवण ठेवली नाही अशी गावं जास्त आहेत आणि मी त्यातल्याच एका गावाबद्दल लिहितोय.

त्या ९ मधला एक माझा पणजोबा. ११७ मराठा पलटण. ही पलटण १९१४ च्या नोव्हेंबरात पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ जवळजवळ पाच महिने कूत-अल-अमारा इथे तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या, १०३, ११० आणि ११७. खायला शेवटी घोड्याचं मांस, आणि आपल्या पोरांनी ते बरेच दिवस हातात घेतलं नाही कारण घरी कळलं तर जातीबाहेर टाकतील ही भीती, मग धर्मगुरूंकडून परवानग्या मागवल्या गेल्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या इंग्रज सेनापतीने, जनरल टाउनशेंडने, शरणागती पत्करली, सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या ताब्यात गेले. साध्या शिपायांना वाळवंटातून चालवत बगदाद, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐनला नेलं, रेल्वेच्या कामाला लावलं, वाटेत आणि कामावर किती मेले त्याची मोजदाद करायला तेव्हा कोणाला वेळ होता. आमच्या घरी एवढंच म्हणतात, 'आजा बगदादच्या लढाईत गेला'. धाकटा मुलगा १९१५ चा, त्याने बापाचं तोंड पाहिलंच नाही.

आता पुढचं ऐका. त्या पणजीने तीन मुलगे वाढवले, भातशेती आणि दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी करून, आणि ते तिघेही फौजेत गेले. बाप तसा गेला असताना आईने पाठवलं कसं हा प्रश्न मी आजीला विचारला होता, ती म्हणाली पाठवलं कुठे, एकेक जण रात्रीचा गेला आणि बेळगावहून पत्र आलं.

थोरले आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये, ती बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा तिथेच पकडली गेली. ते इटलीत कैदेत होते, परत आले ते भाकरीला 'पाने' आणि पाण्याला 'आक्वा' म्हणत आले आणि गावात मरेपर्यंत त्यांचं नाव पाने-आजोबाच पडलं. मधले म्हणजे माझे सख्खे आजोबा तिसऱ्या बटालियनमध्ये, १९४१ ला एरिट्रियात केरनच्या डोंगरात होते, पाऊस पडायला लागला की डावा खांदा धरून बसायचे. धाकटे पहिल्या बटालियनमध्ये, ते इटलीत सांग्रो नदीजवळ १९४३ च्या शेवटी गेले.

हे सगळं मी किती सरळ लिहितोय, पण हे जुळवायला मला सहा वर्षं लागली आणि म्हणूनच हे पत्र.

साहेब, धाकटे आजोबा मला एका दुपारीत सापडले. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची वेबसाइट आहे, त्यावर पलटण, साल टाकलं, नावाचं स्पेलिंग चार प्रकारे करून बघितलं, पाचव्या वेळेला आले. नाव, नंबर, तारीख, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. इटलीत तोरिनो दी सांग्रोला जी दफनभूमी आहे तिथेच दहन केलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, ५०० हून जास्त नावं, त्यात ते आहेत. माझे वडील त्या दिवशी मोबाइलची स्क्रीन बोटाने मोठी करून करून बघत होते, काकाचं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा छापलेलं बघितलं.

पणजोबाही सापडले, जरा उशिरा. त्यांच्यासाठी मेडल कामाला आलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावरची आजीची ट्रंक दोन दिवस चिखलात होती. कागद सगळे गेले, एका गठ्ठ्याचा तर लगदा झाला होता, हाताने उचलला तर बोटांमधून निसटला. पण चांदीचं मेडल राहिलं. घासल्यावर कडेवरची अक्षरं दिसली, नंबर, शिपाई, नाव, पलटण. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर हे कोरलेलं असतं, ज्यांच्या घरी आहे त्यांनी आजच बघा आणि कृपा करून सोनाराला देऊ नका, आमच्याच गावात तीन मेडलांचे पैंजण झालेत. त्या नंबरावरून पणजोबा मिळाले. त्यांची आठवण बसऱ्याच्या स्मारकात आहे, ४० हजारांहून जास्त लोकांचं ते स्मारक, पण दगडावर अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीप्रमाणे फक्त आकडा. कमिशनने स्वतः २०२१ च्या अहवालात कबूल केलं की हा भेदभाव होता आणि माफी मागितली. म्हणजे गावातल्या पाटीवर पण आकडा आणि बसऱ्याला पण आकडा.

पण जे जिवंत परत आले ते कुठे शोधायचे? कमिशनकडे फक्त मेलेल्यांची नोंद असते. आमच्या पाटीवरच्या ६१ मधले ९ मेले, म्हणून ते आज ना उद्या सापडतील, ५२ परत आले म्हणून ते गायब. माझे सख्खे आजोबा, ज्यांच्या मांडीवर माझे वडील वाढले, त्यांचा फौजेतला एक कागद माझ्याकडे नाही. इंग्रज अधिकाऱ्यांचे कागद लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जाऊन बघता येतात, आपल्या जवानांचे कागद मात्र इथेच राहिले, पलटणींच्या रेकॉर्ड ऑफिसांकडे.

मी अर्ज केला. कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही, कारण तिथल्या क्लार्कशी माझं भांडण नाही, तो बिचारा नियमाने वागला. उत्तर आलं, रेजिमेंटल नंबर कळवल्याशिवाय शोध घेता येणार नाही. साहेब, नंबर डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळतं त्या पुस्तकात होता आणि डिस्चार्ज बुक पुरात गेलं, म्हणून तर अर्ज केला ना! मग आठवलं की आजीने दुसऱ्या महायुद्धातल्या जवानांच्या विधवांना राज्य सरकारचं मानधन मिळतं त्यासाठी डिस्चार्ज बुकाची प्रत जोडली होती. तिथे गेलो तर जुनी फाइल सापडत नाही. तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की पेन्शन नसलेल्या जवानाचे कागद २५ वर्षांनी नष्ट करतात. आजोबा १९३३ ते १९४६, तेरा वर्षं, पेन्शनला पंधरा लागतात. म्हणजे केरन लढून आलेल्या माणसाचा शीट रोल, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदींचा कागद, १९७१ नंतर कधीतरी रद्दीत गेला असणार. पण त्याच भल्या माणसाने, निवृत्त सुभेदार होते ते, हेही सांगितलं की लाँग रोल नावाचं रजिस्टर असतं, भरती झालेल्या प्रत्येकाची त्यात एक ओळ असते, नंबर, नाव, गाव, भरतीची तारीख, आणि ते रजिस्टर ठेवतात.

मला ती एक ओळ पाहिजे. आणि आमच्यासारख्या हजारो घरांना पाहिजे.

ही काही अशक्य गोष्ट मागत नाहीये. पहिल्या महायुद्धातल्या पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची गाववार रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये पडून होती, इंग्लंडमधल्या पंजाबी लोकांच्या संस्थेने आणि ग्रीनिच युनिव्हर्सिटीने मिळून २०२१ मध्ये ती ऑनलाइन आणायला सुरुवात केली. मेलेले आणि परत आलेले दोन्ही त्यात आहेत. गावाचं नाव टाकायचं आणि आपली माणसं बघायची. जालंधरच्या पणतूला जे मिळतं ते चिपळूणच्या पणतूला का मिळू नये?

म्हणून माझं म्हणणं असं, की तुम्ही राज्य सरकारतर्फे केंद्राकडे लिहून १९४७ पूर्वीच्या लाँग रोलचं स्कॅनिंग मागा आणि त्याची नुसती नाव-नंबर-गाव एवढी यादी सगळ्यांसाठी खुली करा. यात कसलंही लष्करी गुपित नाही, ही माणसं केव्हाच गेलीत. आणि जे तुमच्या स्वतःच्या हातात आहे ते तर लगेच करा, जिल्ह्याजिल्ह्यातल्या मानधनाच्या जुन्या फायलींत डिस्चार्ज बुकांच्या प्रती आहेत, त्या वाळवीच्या आधी स्कॅन करा. गावोगावच्या पाट्यांचे फोटो ग्रामसेवकांकडून काढून घ्या, एका महिन्याचं काम आहे. आणि हे करताना फक्त मराठा पलटणी धरू नका. १११ महार पलटण १९१७ ला उभी केली आणि १९२१ ला मोडली, पुन्हा महार रेजिमेंट झाली ती १९४१ ला बेळगावात, मग मधल्या काळात ज्यांची पलटणच राहिली नाही त्यांच्या पोरांनी कोणत्या दारात उभं राहायचं? आमच्या खाडीपट्ट्यातले खलाशी तर कोणी मोजतच नाही, पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या २ हजारांवर खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला सेलर्स होममध्ये आहे, कोकणातल्या किती जणांना ते माहीत आहे?

एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण शोधणाऱ्याला ती आधी कळली तर वर्ष वाचतं. १९२२ ला पलटणींचे नंबर बदलले, १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. मी कितीतरी महिने ११७ मराठा आणि पाचवी बटालियन वेगळ्या समजून शोधत होतो. यादी कराल तेव्हा हे दोन्ही नंबर शेजारी ठेवा, आणि नावाबरोबर बापाचं नाव आणि गाव पाहिजेच, एकेका तालुक्यात एकाच नावाचे चार-चार सखाराम मोरे असतात.

माझ्या बाजूने मी बसून राहिलेलो नाही. गेल्या तीन गणपतींत गावात घरोघर फिरलो, मुंबईकरांना फोन केले, म्हाताऱ्यांना विचारलं तुमच्या घरातून कोण गेलं होतं, कोणी फोटो दाखवला, कोणी बकलाचा पट्टा, एका घरी देव्हाऱ्यात टाकासोबत मेडल पुजतात ते दाखवलं. ६१ पैकी ३८ नावं वहीत झाली आहेत. २३ राहिलीत. ज्या दोन आजींना त्यातली आणखी नावं सांगता आली असती त्यातली एक गेल्या मे महिन्यात गेली.

वहीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. आजोबांबद्दल माझ्याकडे आहे ते असं: तिसरी बटालियन, भरती १९३३, बेळगाव, डिस्चार्ज १९४६, डाव्या खांद्यावर जखम, तालुका चिपळूण, जिल्हा रत्नागिरी. नाव आणि वडिलांचं नाव वहीच्या पहिल्या पानावर आहे. नंबर नाही.

आपला,
एक पणतू, चिपळूण