टूसॉन दाखवणाऱ्या अनामिक हातांचे आभार

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात ज्या स्वयंसेवक वाटाड्यांनी आम्हा मायलेकींना सकाळभर पायी हिंडवले, त्यांची नावे विचारायची राहून गेली, म्हणून हे जाहीर आभार.

१७७५ साली स्पॅनिश सैन्याने येथे गढी उभारली, परंतु त्याआधीपासून डोंगराच्या पायथ्याशी ओऽडम या मूळनिवासी लोकांची वस्ती होती आणि शहराचे नावही त्यांच्याच भाषेतून आले आहे, हे त्यांनी सर्वप्रथम सांगितले, याचे मला विशेष अप्रूप वाटते. बारिओ व्हिएहो या जुन्या वस्तीतील कच्च्या विटांच्या एका घरापाशी वाटाड्या ताईंनी आईचा हात हलकेच भिंतीवर ठेवला. छतावर लाकडी तुळया, त्यांवर सग्वारो निवडुंगाच्या काड्या आणि वर मातीचा थर, हे ऐकताच सोलापूरकडच्या माळवदात वाढलेल्या आईचे डोळे भरून आले. अशी कितीतरी घरे १९६०च्या दशकाच्या अखेरीस सभागृह संकुलासाठी पाडली गेली, हेही त्यांनी लपवले नाही.

डनबार शाळेपाशी आम्ही सर्वाधिक वेळ थांबलो. १९५१पर्यंत ही केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठीची वेगळी शाळा होती, आणि आपली आई त्याच वर्गांत शिकली, हे सांगताना एका काकांचा आवाज कापरा झाला.

१७९७ साली पूर्ण झालेल्या सान झाविएर चर्चमधील भित्तिचित्रे दाखवताना ज्यांनी आईसाठी खुर्ची आणून दिली, त्यांचेही मनःपूर्वक आभार.