फौजी मुलांच्या शाळेचा करार चांगला आहे, पण आईबापाला खुर्ची कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात अमेरिकेतल्या मराठी लोकांबद्दल जे येतं ते बहुतेक आयटीवाले नाहीतर डॉक्टर. इथल्या आर्मी, नेव्हीतही आपली माणसं आहेत, त्यांच्या घरांबद्दल कधी काही वाचलं नाही. माझा नवरा आर्मीत आहे, आणि आमच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न युद्धाबिद्धाचा नसून मुलांच्या शाळेचा आहे, हे सांगितलं तर इकडच्या मैत्रिणींनाही आधी खोटं वाटतं.

होतं काय, की दर दोन-तीन वर्षांनी पीसीएसची ऑर्डर येते, म्हणजे बिऱ्हाड उचला आणि दुसऱ्या राज्यात चला. फौजी घरातलं मूल केजी ते बारावीत सहा ते नऊ वेळा शाळा बदलतं असं इथे नेहमी सांगतात. आणि शिक्षण हा इथे राज्यांचा विषय, त्यामुळे वॉशिंग्टनमधे बसून कोणी एक नियम सगळ्यांना लावू शकत नाही. केजीला किती वयाला घ्यायचं ते वेगळं, लसींची यादी वेगळी, पास व्हायला लागणारी क्रेडिट्स वेगळी, आणि बऱ्याच राज्यांना तर आपापल्या राज्याचा इतिहासही शिकवायचा असतो. टेक्सासचा इतिहास शिकलेल्या पोरानं व्हर्जिनियात येऊन परत व्हर्जिनियाचा शिकायचा, आणि पुढच्या बदलीला आणखी तिसरा!

यावर राज्यांनीच आपसात एक करार केला, त्याला इथे कॉम्पॅक्ट म्हणतात. कौन्सिल ऑफ स्टेट गव्हर्नमेंट्स ही राज्य सरकारांची संघटना आणि डिफेन्स डिपार्टमेंटनं मिळून मसुदा तयार केला, 10 राज्यांनी तो आपापल्या विधिमंडळात पास केल्यावर 2008 मधे तो लागू झाला, न्यूयॉर्क सगळ्यात शेवटी 2014 मधे आलं, आणि आता पन्नासही राज्यं अधिक राजधानीचा डिस्ट्रिक्ट असे 51 मेंबर आहेत. करार चालवायला जे कमिशन आहे त्याला सगळे एमआयसी-थ्री म्हणतात, ऑफिस केंटकीतल्या लेक्सिंग्टनला.

करारात दिलंय ते खरंच चांगलं आहे, उगाच नावं ठेवायची नाहीत मला. जुन्या शाळेनं हातात दिलेल्या कच्च्या रेकॉर्डवर नव्या शाळेनं मुलाला दाखल करून घ्यायचं. जुन्या शाळेनं पक्के कागद मागणी आल्यापासून 10 दिवसांत पाठवायचे. लस राहिली असेल तर 30 दिवस मिळतात. केजीत बसलेलं मूल नव्या राज्यात वय कमी पडतं म्हणून बाहेर काढता येत नाही. बाप डिप्लॉयमेंटवर, म्हणजे लांबच्या मोहिमेवर चाललाय किंवा परत आलाय तर शाळा जादा रजा देऊ शकते. बारावीच्या वर्षात बदली झाली आणि नव्या राज्याच्या अटीत काही केल्या बसत नसेल, तर जुन्या शाळेकडून डिप्लोमा मिळवायची सोय आहे.

आता शाळेच्या काउंटरवर काय होतं ते सांगते. तुम्ही फाईल घेऊन उभ्या, मागे धाकटं रडतंय, नवरा नव्या युनिटला रिपोर्ट करायला गेलाय, आणि समोरची बाई अगदी गोड हसून म्हणते की ऑफिशियल ट्रान्सक्रिप्ट (म्हणजे तेच पक्के कागद) आल्याशिवाय वर्ग देता येणार नाही हं. तुम्ही कॉम्पॅक्टचं नाव काढलंत की ती आतल्याला विचारते, आतला काउन्सेलरला विचारतो, काउन्सेलर म्हणतो डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या शाळांच्या मुख्य ऑफिसला, ईमेल टाका. कोणाच्या मनात वाईट नसतं, त्यांना माहीतच नसतं. तोवर ऑनर्सच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या, वर्गातल्या जागा संपतात आणि व्हॉलीबॉलची निवड होऊन जाते. खेळाबद्दल करार एवढंच म्हणतो की अर्जाची तारीख गेली म्हणून अडवू नका, संधी मिळेल असं बघा, पण कोणासाठी जागा राखून ठेवा किंवा निवड परत घ्या असं तो म्हणत नाही. आणि विषय माफ करण्याबद्दल लिहिलंय की सारखा विषय आधी झाला असेल तर माफ करा, नाहीतर नकाराचं योग्य कारण द्या. आता योग्य म्हणजे किती योग्य, हे ठरवणार कोण? इथेच कारभाराचा प्रश्न येतो, आणि माझं मुख्य म्हणणं तेच आहे.

कमिशनमधे प्रत्येक राज्याचा एक कमिशनर आणि एक मत. व्हर्जिनियासारख्या फौजेनं गच्च भरलेल्या राज्यालाही एक आणि व्हर्मांटलाही एकच. माझ्या ओळखीत यावर बरेच चिडतात, मला मात्र ते बरोबर वाटतं, कारण छोट्या राज्यात गेलेल्या चार मुलांची अडचण कमी नसते, उलट तिथल्या शाळेनं असं मूल कधी बघितलेलंच नसतं. पैसा राज्यांच्या वर्गणीतून येतो, सुरुवातीला हिशोब फौजी मुलामागे एक डॉलर असा होता. वर्षातून एकदा तरी सगळे भेटतात, नियम करतात, ते नियम राज्यांवर बंधनकारक असतात, फार तर बहुसंख्य राज्यांच्या विधिमंडळांनी मिळून तो नियम रद्द करायचा. एखादं राज्य ऐकतच नसेल तर आधी ट्रेनिंग, मदत, आणि अगदी शेवटी बहुमतानं ठराव करून फेडरल कोर्टात जाता येतं. कागदावर भक्कम आहे सगळं. पण कोर्टबिर्ट हा राज्याराज्यांमधला मामला, ज्या आईचं पोर सोमवारी शाळेत जायचंय तिला त्याचा काय उपयोग.

तिच्या उपयोगाची गोष्ट राज्यात असते, स्टेट कौन्सिल. तिच्यात निदान कोण कोण हवं ते करारातच लिहिलंय: राज्याचा शिक्षणप्रमुख, जिथे फौजी मुलं जास्त आहेत अशा शाळा-डिस्ट्रिक्टचा सुपरिटेंडेंट, लष्करी तळाचा प्रतिनिधी, विधिमंडळाचा एक, सरकारचा एक. याशिवाय कौन्सिलला योग्य वाटतील ते. झालं! ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप त्या आईबापांचं नाव सक्तीच्या यादीत कुठेच नाही. वर अशीही मुभा आहे की वेगळी कौन्सिल नको असेल तर राज्यातल्या आधीच्या एखाद्या समितीलाच कौन्सिल म्हणायचं, मग ती इतर दहा विषयांबरोबर हा विषय कसा बघणार ते तुम्हीच समजा. तळाचा प्रतिनिधी आमचाच माणूस असं कोणी म्हणेल, पण तो कमांडचं काम करतो, त्यानं शाळेच्या काउंटरवर ताटकळत थांबलेलं असेलच असं नाही.

यावर करार बदला म्हणणारे लोक आहेत, त्यांनी जरा नियम वाचावेत. करारात दुरुस्ती करायची तर एकूण एक मेंबर राज्यानं ती कायदा म्हणून पास करावी लागते, त्यात आमची मुलं कॉलेजात जाऊन बाहेरही पडतील. त्यापेक्षा "योग्य वाटतील ते" हे वाक्य आहेच की. ज्या राज्याच्या कायद्यानं मेंबरांची यादी बांधून टाकलेली नाही तिथली कौन्सिल पुढच्या मीटिंगमधे दोन पालक घेऊ शकते, त्याला ना विधिमंडळ लागतं ना गव्हर्नरची सही. पालकांची बदली होणार, खुर्ची रिकामी पडणार, हा आक्षेप मी प्रत्यक्ष ऐकलाय. मग एक पालक सध्या नोकरीत असलेल्याच्या घरातला घ्या आणि एक रिटायर होऊन तिथेच राहिलेल्याच्या, आणि दोघांनाही एकेक पर्यायी मेंबर ठेवा. घराघरात मूव्हर्सच्या खोक्यांचा हिशोब ठेवणाऱ्या बायका आहेत या, मीटिंगच्या तारखा सांभाळणं त्यांना जड जाणार नाही.

दुसरं, किती घरांनी अडचण कळवली, कशाबद्दल, आणि किती दिवसांत सुटली, हे प्रत्येक राज्यानं दर वर्षी नावं न देता जाहीर करावं. 2015 च्या फेडरल शिक्षण कायद्यानं शाळांना फौजी मुलांची वेगळी नोंद ठेवायला लावलीच आहे, म्हणजे मुलं कुठे आहेत हे माहीत आहे, मग त्यांचं काय अडतंय तेही मांडा ना.

काही घरं तर मुळात करारात बसतच नाहीत. नॅशनल गार्डचा, म्हणजे राज्यांच्या राखीव फौजेचा माणूस फेडरल अॅक्टिव्ह ड्यूटीच्या ऑर्डरवर नसेल तर त्याची मुलं बाहेर. प्रायव्हेट शाळा बाहेर, केजीच्या आधीची बालवाडी बाहेर. फौजेतून निवृत्त झालेल्यांना फक्त एक वर्ष. यातलं काही बदलणं अवघड आहे हे मला कळतं, पण अशा घरांना बदलीच्या आधी कोणी सांगतही नाही, आणि मग काउंटरवर कळतं.

तुमचा पेपर इथेही ऑनलाइन वाचला जातो म्हणून एक कामाची गोष्ट. ज्यांची लेक, सून, जावई इथल्या फौजेत असतील त्यांना कळवा की ऑर्डर हातात पडली की तळावरच्या स्कूल लिएझनला, म्हणजे शाळांशी बोलणी करून देणाऱ्या माणसाला, आधी गाठा. स्टेट कौन्सिल जी मिलिटरी फॅमिली एज्युकेशन लिएझन नेमते ती वेगळी, लोक दोन्हीत गल्लत करतात, तिचाही नंबर घेऊन ठेवा. शाळेचा नकार तोंडी घेऊ नका, कारणासकट लेखी मागा. आणि राज्याच्या कमिशनरला एक ईमेल टाकून विचारा की कौन्सिलची पुढची मीटिंग कधी आहे आणि तिच्यात पालक किती आहेत. आमच्या इथे आम्ही काही जणींनी हे विचारलंय, उत्तर अजून यायचंय.

आपली,
आर्मीतल्या घरातली एक आई, व्हर्जिनिया