पाणचक्कीच्या उत्खननावर गेलेल्या मुलास

नाना पेठ, पुणे
गुरुवार

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तुझा आवाज पडलेला वाटला. तुझ्या बरोबरीच्या मुलांना रोमन वाड्याच्या रंगीत फरशा मिळाल्या आणि तुझ्या वाट्याला इंग्लंडातल्या ओढ्याकाठची पडकी पीठगिरणी आली. चिखल उपसायचा, माती चाळायची, दगडाचे तुकडे पिशव्यांत भरायचे, एवढंच काम, असं तू म्हणालास. समोर गिऱ्हाईक डबे घेऊन उभं होतं, म्हणून तेव्हा नीट बोलता आलं नाही. आज वीज नाही, गिरणी बंद आहे, म्हणून निवांत लिहिते.

मला तुझी जागा त्या फरशांपेक्षा मोलाची वाटते. त्या फरशांवरून वाड्याचा धनी आणि त्याचे पाहुणे चालले असतील. गिरणीत सगळ्या गावाचं धान्य येतं. कुणाकडे गहू होता, कुणाकडे नुसतं जव, कुठल्या वर्षी धान्य कमी आलं, हे जितकं गिरणीत कळतं तितकं दुसरीकडे कुठे कळत नाही. हे मी आयुष्यभर गिरणीत उभी राहून सांगते आहे.

तू पाठवलेल्या फोटोतला तो काळा, भोकाभोकांचा तुकडा मी मोठा करून पाहिला. तो धुतला नाहीस ना? धुऊ नकोस. त्या भोकांत पिठाचे कण, गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण अडकून राहिलेले असू शकतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरून धान्य ओळखता येतं. दुसरं म्हणजे, तुमच्या सरांना विचार, हा दगड जर्मनीतल्या मायेनचा तर नसेल? तिथल्या ज्वालामुखीच्या दगडाची, दळायची जाती हजारो वर्षं घडवली गेली आणि ऱ्हाईन नदीतून जहाजांनी इंग्लंडपर्यंत गेली. दगड सच्छिद्र असला की झिजतानाही त्याला नव्या धारा फुटत राहतात, म्हणून त्याला एवढी मागणी. आपल्या सह्याद्रीचा दगडही लाव्हाचाच. आजीचं जातं त्याच काळ्या दगडाचं आहे.

आता खाचा. आपल्या चक्कीचे दगड गुळगुळीत झाले की टाकी लावून, म्हणजे छिन्नीने खाचा पुन्हा पाडून घेतो, ते तू लहानपणापासून पाहिलंस. खाच मध्याशी खोल आणि कडेकडे उथळ होत जाते, आणि दोन दगडांमधली फटही कडेला बारीक होत जाते. दाणा आधी फुटतो, मग चिरला जातो, आणि पीठ खाचांतून बाहेर सरकतं. तुझ्या तुकड्यावर दोन-तीन खाचा जरी शाबूत असतील तरी त्यांच्या कलावरून वरचा दगड कुठल्या बाजूला फिरत होता ते सांगता येईल. कडेचा बाक मोजलास तर पूर्ण दगडाचा व्यास काढता येईल. आणि एका बाजूची झीज जास्त असेल तर तेही टिपून ठेव. दगड समतोल बसला नव्हता, किंवा टाकी लावायला पैसे नसताना तसाच चालवला होता. असे दिवस गिरणीवाल्यांवर येतात.

तू हा विषय घेतलास तेव्हापासून मीही वाचते आहे. फ्रान्समध्ये आर्लजवळ बार्बेगाल इथे रोमन काळातली, दुसऱ्या शतकातली पाणचक्की आहे. उतारावर आठ-आठच्या दोन रांगा, अशी सोळा चाकं होती. 1937 ते 1939 मध्ये ती खोदली. चाकं लाकडाची, ती केव्हाच कुजून गेली. पण पाण्यातला चुना त्या लाकडावर बसत राहिला होता, आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गिझरमध्ये बसतो तसा. लाकूड गेलं, थर राहिला, आणि थराच्या आतल्या बाजूला लाकडाच्या रेषाही उमटलेल्या राहिल्या. खोदणाऱ्यांनी ते पांढरे तुकडे टाकून न देता जपून ठेवले. 2018 मध्ये त्यांच्या थरांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की चक्की वर्षातले काही महिने, उन्हाळ्याच्या अखेरीस आणि त्यानंतर, बंद असायची. जवळच्या बंदरातल्या जहाजांसाठी टिकाऊ बिस्किटं करायला पीठ लागत असावं आणि समुद्रावरचा हंगाम संपला की दळणही थांबत असावं, असा अंदाज त्यावरून मांडला गेला. ऐंशी वर्षांपूर्वीच्या कुणीतरी पिशवीवर नीट चिठ्ठी लावली म्हणून हे कळलं. तुझ्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या तशाच नीट लिही.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसचंही सांगते, कारण ते वाचल्यापासून मी आपल्या गिरणीतला झाडू दोनदा फिरवायला लावते. 2 मे 1878 ला तिथल्या वॉशबर्न गिरणीत हवेतल्या पिठाच्या धुळीचा स्फोट झाला आणि 18 माणसं गेली. तिथल्या गिरण्यांचे भरावाखाली गाडले गेलेले पाये आणि पाण्याचे बोगदे पुढे उकरून काढले, आता तिथे उद्यान आहे. तुझ्या खड्ड्यात जळक्या मातीचा थर लागला तर घाईने खाली जाऊ नकोस.

पण मला सगळ्यांत लागून राहिलं आहे ते सीरियातल्या अबू हुरैराचं. धरणाखाली जाण्याआधी 1972-73 मध्ये ती वसाहत खोदली. तिथल्या नवाश्मयुगीन बायकांच्या हाडांत पायाची बोटं, गुडघे, कंबर झिजलेली आढळली, गुडघ्यावर बसून तासन्‌तास पाट्यावर दळल्यामुळे. आपल्या डेक्कन कॉलेजने शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव खोदलं, तिथेही धान्य वाटायचे दगड निघाले. फिरतं जातं आपल्याकडे सातवाहनांच्या सुमारास दिसू लागतं, म्हणजे इनामगावच्या बायका त्याच्या आधीच्या. तुझ्या आजीची कंबर कशाने गेली हे डॉक्टरांनी सांगायच्या आधी मला ठाऊक होतं. आणि जात्यावर म्हटलेली ओवी तर जमिनीत सापडतच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या नसत्या, तर त्याही गेल्या असत्या.

म्हणून तुला सांगते, नुसती चाकाची आणि पाण्याच्या पाटाची मापं घेऊन परत येऊ नकोस. उंबरठ्याचा दगड कुठे झिजला आहे ते बघ. पोती कुठून आत यायची, गडी उभा कुठे राहायचा, त्याच्या पायाखालची जमीन किती दबली आहे ते बघ. तुमच्या आराखड्यात त्यासाठी रकाना नसेल तर सरांना सांगून वहीत वेगळं लिही. गावात म्हातारी माणसं असतील, त्यांना गिरणीबद्दल विचार. कुणाच्या आजोबांनी तिथे काम केलेलं असेलच.

खाचांची संख्या आणि खोली मोजलीस की मला कळव. आपल्याकडे टाकी लावायला येणारे काका पुढच्या आठवड्यात येणार आहेत, त्यांना फोटो दाखवून कल विचारते. फोटो उजेड आडवा पडेल तेव्हा, सकाळी लवकर काढ, म्हणजे खाचा उठून दिसतील. चिखलात गुडघे टेकून बसतोस तेव्हा खाली जाड काहीतरी घे. मेतकूट आणि भाजणी कुरिअरने पाठवली आहे.

तुझी,
आई