कोतवाल बुकातली नोंद

प्रिय विज्या,
सप्रेम जय भीम.

लय दिवस झाले लिहिलं नाही, राग धरू नको. फोनवर बोलतो आपण, पण आई बाजूला असली की मोकळं बोलता येत नाही, ती लगेच डोळ्याला पदर लावते. तब्येती ठीक, बाबांची शुगर आहे तशीच. पाऊस एकदाचा आला, पऱ्हाटी डवरणीला आली.

जिला आपण मास्तरीण म्हणतो ती पोरगी आठवते ना? पारध्यांच्या बेड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, चौथीत असताना तुझा सतराचा पाढा भर वर्गात दुरुस्त केला होता तिनं. ती बारावी सायन्स पास झाली बे! नर्सिंगची सीईटीपण दिली, मार्क चांगले आहेत. त्या बेड्यावरून बारावीपर्यंत पोचलेली ही पहिलीच. निकालाच्या दिवशी विहारात पेढे वाटले आणि तुझ्या काकूनं तिची ओटी भरली. हीच काकू पारध्याची लेकरं अभ्यासिकेत आली की चपला मोजायची. मला त्या दिवशी खरंच भरून आलं.

आता सगळं अडलंय व्हॅलिडिटीवर, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्रावर. जातीचा दाखला आहे, पण पडताळणी समितीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा पाहिजे. आजाचा शाळेचा दाखला आणा म्हणतात, नाहीतर सातबारा, नाहीतर काहीतरी महसुली कागद. आजा शाळेत गेला नाही, जमीन कधी नव्हती, आज या शिवारात उद्या त्या शिवारात, गावातल्या लोकांनी हाकललं की पालं उचलायची. ज्यांना कोणी एका जागी टिकू दिलं नाही त्यांनाच विचारतात, १९५० च्या आधी कुठं राहत होता ते दाखवा. मला रात्र रात्र झोप नाही विज्या. आपल्या वस्तीत असं होत नाही, कोणाच्या तरी काकाची व्हॅलिडिटी असतेच, ती जोडली की काम होतं. यांच्यात मागं कोणीच नाही, हिचीच पहिली फाईल.

त्यात समितीचे दक्षता पथकवाले चौकशीला येऊन गेले. देव कोणता, लग्नात काय करता, तितर धरायचा फास कसा लावता, असं सगळं पोरीला विचारलं. तिला फास लावता येत नाही, तिला सलाईन लावायला शिकायचं आहे! २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसत्या अशा प्रश्नोत्तरावरून जमात खरी की खोटी ठरवता येत नाही. तो निकाल मी प्रिंट काढून फाईलला लावलाय.

तालुक्याला एकानं सल्ला दिला की जुन्या पोलीस रेकॉर्डात पाहा, पारध्याची नावं तिथं नक्की सापडतील. म्हाताऱ्याला सांगितलं तर तो उठून उभाच राहिला. म्हणाला, "माह्या बापानं ठाण्यात हजेरी लावली, आता मी नातीसाठी चोराच्या यादीत त्याचं नाव धुंडू?" मी पुढं बोललोच नाही. १८७१ ला इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवायचा कायदा केला, १९५२ ला तो रद्द झाला, हे आपण भाषणात किती सहज बोलतो. गावात मोटारपंप चोरीला गेला तर जीप आजही आधी बेड्यावरच जाते.

मग काकाजी कोतवाल म्हणाले, जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक पाहू. अभ्यासिकेतली पोरं, सुध्या, मी, सगळे रेकॉर्ड रूमला बसलो, पानं हातात तुटत होती. आणि सापडली नोंद! १९४३ ची, आजाच्या जन्माची, जातीच्या रकान्यात स्वच्छ 'पारधी'. सुध्या तर तिथंच ओरडला, बाबूनं आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. पण बापाचं नाव तिथं 'चंप्या' लिहिलंय आणि आजाच्या आधारवर 'चंपत', आडनाव तर नाहीच. समिती म्हणेल हा माणूस वेगळा. याच धास्तीत आहे मी.

तू तिकडच्या ब्लॅक पोरांच्या स्टडी सर्कलबद्दल लिहिलं होतं, ते मी रविवारी लेकरांना वाचून दाखवलं. मग जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना अर्पण केली ते सांगितलं, १९४६ ला बाबासाहेबांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तर आलं तेही सांगितलं. मास्तरीण म्हणाली, "सर, मंग आपल्या अभ्यासिकेतून आपून कोनाले लिहाचं?" आपल्या अभ्यासिकेतून, असं म्हणाली ती विज्या. इतकी वर्षं 'तुमच्या अभ्यासिकेत' म्हणायची.

आठव, चौदा एप्रिलच्या वर्गणीतून डीजे की पुस्तकांचं कपाट, यावरून तू पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलला नव्हतास. त्याच कपाटाला टेकून ती बायोलॉजी पाठ करत होती. भांडण अजून मिटलेलं नाही, आलास की पुढं चालू करू.

तुझं कसं? थिसिस कुठवर आली? तो रूममेट भांडी घासायला लागला का? थंडीत नीट जेवत जा, मामीची काळजी करू नको, तिचा डोळा आता बरा आहे.

सुनावणी सोमवारी आहे. गाडी भरून जातोय, काकाजी येतात, काकू येते, आजा पण येतो म्हणाला. फाईलचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. तुझा तो नागपूरचा वकील वर्गमित्र आहे ना, त्याला विचार, नावातल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र चालते का आणि ते कोणाचं लागेल. रविवारी रात्रीपर्यंत कळव, मी जागाच असतो.

तुझाच,
रम्या